खुबा आणि गुडघ्याचा टीबी: पहिल्या संशयापासून शेवटच्या एक्स-रेपर्यंत

सांध्याच्या टीबीत दोन वेगळी कामे असतात, आणि बहुतेक घरांत पहिल्याच्या धावपळीत दुसरे राहून जाते. पहिले काम जंतू मारण्याचे. ते गोळ्या करतात, आणि नेमाने घेतल्या तर चोख करतात. दुसरे काम सांधा वाचवण्याचे. त्यात गोळ्यांचा वाटा अर्धाच. वर्षभर एकही गोळी चुकली नाही, रोग बरा झाला, रक्ताचे सगळे आकडे जागेवर आले, पण गुडघा वाकलेला आहे तो तसाच कायमचा आखडला, असे रुग्ण अस्थिरोगतज्ज्ञांना नवे नाहीत. म्हणून इथे औषधांइतकीच जागा पाय कसा ठेवायचा, कधी हलवायचा आणि त्यावर भार कधी टाकायचा याला दिली आहे.

हाताशी वेळ किती असतो

टीबीचा जंतू श्वासावाटे फुफ्फुसात शिरतो आणि तिथून किंवा एखाद्या लसिकाग्रंथीतून रक्ताबरोबर सांध्यात पोचतो. फुफ्फुसातली जागा तोवर कधीच भरून आलेली असू शकते. सांध्याचा टीबी असलेल्या निम्म्याहून जास्त जणांच्या छातीच्या एक्स-रेत काहीच सापडत नाही, त्यामुळे ‘खोकला नाही, मग टीबी कसला?’ हा प्रश्न इथे चालत नाही. टीबीच्या १०० रुग्णांपैकी साधारण १ ते ३ जणांना तो हाडा-सांध्यांत होतो. त्यातले निम्मे मणक्याचे, त्याखालोखाल खुबा (सुमारे १५ टक्के) आणि मग गुडघा (सुमारे १० टक्के).

हा जंतू विलक्षण आळशी आहे. पू करणारे नेहमीचे जंतू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात, याला १५ ते २० तास लागतात. शिवाय कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, विरघळवणारी पाचक द्रव्ये त्याच्याकडे नाहीत. पुवाच्या सांध्यात कूर्चा काही दिवसांत नष्ट होते. टीबीत आधी सांध्याचे अस्तर सुजते, मग ते कडांवरून कूर्चेवर चढते आणि खालून हाड पोखरते. याला महिने लागतात. त्या महिन्यांत रोग सापडला तर सांधा जवळजवळ पूर्ववत होऊ शकतो. नंतर सापडला तर रोग बरा होतो, सांधा मात्र पूर्वीचा राहत नाही.

पहिली पायरी: वेळेवर शंका घ्या

नियम सोपा आहे. एकच सांधा महिन्याहून जास्त काळ दुखत किंवा सुजत असेल, साध्या औषधांनी तात्पुरता आराम पडून पुन्हा मूळ पदावर येत असेल, तर टीबीचा विचार झालाच पाहिजे. ताप, वजन घटणे, रात्री घाम येणे ही लक्षणे असली तर शंका पक्की होते, पण ती नसली म्हणून शंका सोडायची नाही. बऱ्याच जणांना एखादे पडणे किंवा मुरगळणे आठवते आणि सगळा दोष त्यावर जातो. लचक महिनाभर वाढत जात नाही, कमी होत जाते.

मुलांच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, खुब्याचे दुखणे पुष्कळदा गुडघ्यात जाणवते, कारण दोन्हींना जाणाऱ्या नसा सामाईक आहेत. गुडघा दुखतो म्हणणाऱ्या मुलाच्या गुडघ्यात काही दिसत नसेल तर खुबा तपासून घ्या. गुडघ्याचेच एक्स-रे पुन्हा पुन्हा काढण्यात महिने गेलेली उदाहरणे कमी नाहीत. दुसरी, रात्री झोपेत दचकून रडत उठणे. जागेपणी स्नायू सांध्याला घट्ट धरून ठेवतात. झोप लागली की ते सैलावतात, सुजलेले पृष्ठभाग एकमेकांवर घासतात आणि मूल ओरडत उठते. त्याला वाईट स्वप्न समजून थोपटून झोपवले जाते. सकाळी तेच मूल लंगडत असेल तर ते स्वप्न नव्हते.

खुब्याचा टीबी पायाच्या ठेवणीवरून बरेच सांगून जातो. सुरुवातीला सांध्यात पाणी साठते आणि त्याला जास्तीत जास्त जागा मिळावी म्हणून पाय थोडा वाकलेला, बाहेर फाकलेला आणि बाहेरच्या बाजूला वळलेला राहतो. कंबरेचे हाड त्या बाजूला खाली झुकते, त्यामुळे पाय उलट लांब झाल्यासारखा दिसतो. पुढे स्नायू आवळतात, पाय आत ओढला जातो, आत वळतो आणि आखूड भासतो. इथपर्यंत आखूडपणा मुख्यतः भासच असतो. तिसऱ्या टप्प्यात हाड आणि कूर्चा झिजून पाय खरोखर आखूड होतो, आणि चौथ्यात मांडीच्या हाडाचा गोळा कंबरेच्या हाडातल्या वाटीतून सरकतो किंवा वाटीच वर पोखरत जाते.

घरी एक साधी चाचणी करता येते. रुग्णाला कडक जागेवर उताणे झोपवा आणि चांगल्या बाजूचा गुडघा त्याला स्वतःच्या हातांनी हळूच छातीशी धरू द्या. दुखऱ्या पायाची मांडी जमिनीवरून आपोआप उचलली गेली तर खुबा वाकलेल्या स्थितीत अडकला आहे असे समजा. एरवी हा दोष कंबरेच्या कमानीमागे लपून राहतो. मांडी खाली दाबून बघायचे नाही. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलला काम करणारे हाडांचे डॉक्टर ह्यू ओवेन थॉमस यांच्या नावाने ही चाचणी ओळखली जाते.

गुडघ्याचे चित्र निराळे. सूज भरपूर, हाताला मळलेल्या कणकेसारखी लागणारी, पण लाली नाही आणि ऊबही बेताचीच. जुन्या वैद्यकात याला ‘पांढरी सूज’ म्हणत ते यामुळेच. मांडीचा पुढचा स्नायू झपाट्याने सुकतो, त्यामुळे गुडघा आहे त्याहून मोठा दिसतो. मोजपट्टी घ्या, गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून १० सेंमी वर दोन्ही मांड्यांचा घेर मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा. पुढे प्रगती मोजायलाही हाच आकडा उपयोगी पडेल.

दोन सावधगिऱ्या. सांधा अचानक लालबुंद, गरम झाला, जोराचा ताप आला आणि पाय हलवूच देईना, तर तो पुवाचा सांधा असू शकतो. तिथे त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. आणि निदान न झालेल्या एकट्या सुजलेल्या सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेऊ नका. चार दिवस छान वाटते, मग टीबी मोकाट सुटतो.

दुसरी पायरी: तपासण्या, आणि कोणती किती सांगते

एक्स-रे दोन्ही बाजूंचा काढायचा, कारण सुरुवातीचा फरक तुलनेतच कळतो. आधी सांध्याजवळचे हाड विरळ दिसते, मग कडांना खाचा पडतात आणि सांध्यातली फट हळूहळू अरुंद होते. डॉक्टर या तीन खुणा एकत्र शोधतात. मात्र पहिल्या काही आठवड्यांत एक्स-रे नॉर्मल असू शकतो. अशा वेळी एमआरआय अस्तराची सूज, हाडातला दाह आणि लपलेले गळू दाखवतो. खुब्यातले पाणी सोनोग्राफीतही दिसते. छातीचा एक्स-रे सगळ्यांचाच काढावा.

ईएसआर आणि सीआरपी हे शरीरातला दाह दाखवणारे रक्ताचे आकडे वाढलेले असतात, पण ते कितीतरी कारणांनी वाढतात. निदानापेक्षा पुढे उपचार लागू पडतोय का हे पाहण्यासाठी त्यांचा जास्त उपयोग. मांटू (त्वचेत टोचून केलेली) किंवा इग्रा (रक्ताची) चाचणी ‘कधीतरी जंतूशी गाठ पडली आहे’ एवढेच सांगते. सांध्यात आत्ता रोग आहे का, हे तिला कळत नाही. रक्तातल्या अँटीबॉडी मोजून टीबी ठरवणाऱ्या चाचण्या वापरू नयेत असे जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्येच स्पष्ट सांगितले आहे. अशा अहवालावर वर्षभराची औषधे सुरू होत असतील तर दुसरे मत घ्या.

एमआरआयसुद्धा शंका दाट करतो, शिक्कामोर्तब करत नाही. संधिवात, अस्तराचे काही आजार, बुरशीचा संसर्ग, खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटणे (मुलांमध्ये याला पर्थेस म्हणतात, पण ते मोठ्यांमध्येही होते), हे सगळे टीबीचा आव आणू शकतात. शिक्कामोर्तब होते ते नमुन्यावर.

तिसरी पायरी: नमुना, जिथे सर्वांत जास्त चुका होतात

नमुना म्हणजे सांध्यातले पाणी, आणि शक्य असेल तर अस्तराचा किंवा हाडाचा तुकडा. पाण्यापेक्षा तुकड्यात जंतू सापडण्याची शक्यता जास्त असते. गुडघ्यात तो दुर्बिणीतून घेता येतो. खुब्यात सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या मदतीने सुई घालतात, नाहीतर छोटे ऑपरेशन लागते.

आता खरी मेख. तुकडा बहुधा सवयीने फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकला जातो. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहायला ते योग्यच, पण फॉर्मेलिन जंतू मारते, म्हणजे कल्चरचा, प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याचा, मार्ग तिथेच बंद होतो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना एवढेच विचारा: ‘काही भाग सलाइनमध्ये, जंतूंच्या तपासणीसाठी वेगळा पाठवणार ना?’ प्रश्न भोचक वाटेल, पण नंतर तो तुकडा पुन्हा मिळत नाही.

नमुन्यावर चार गोष्टी व्हायला हव्यात. पेशींची तपासणी, टीबीचे जंतू दिसावेत म्हणून नमुना रंगवून पाहणे, जनुकीय चाचणी आणि कल्चर. जीनएक्सपर्टसारखी जनुकीय चाचणी काही तासांत उत्तर देते आणि रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देईल का हेही सांगते. कल्चरला दोन ते आठ आठवडे लागतात, पण कोणते औषध लागू पडेल याचे सर्वांत भरवशाचे उत्तर तिथेच मिळते. सांध्यात मुळात जंतू थोडे असतात, त्यामुळे एखादी चाचणी निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाही असे ठरत नाही. साधे पू करणारे जंतू आणि बुरशी यांचेही कल्चर त्याच वेळी लावून घ्यावे.

नमुना घेण्याआधी लिव्होफ्लॉक्सासिनसारखे फ्लुरोक्विनोलोन गटातले प्रतिजैविक, लिनेझोलिड किंवा रिफाम्पिसिन घेतलेले असेल तर ते सांगा. ही औषधे टीबीच्या जंतूला अर्धवट दाबून ठेवतात आणि कल्चर फसते.

कधी नमुना घेऊनही काहीच सापडत नाही, आणि डॉक्टर लक्षणे व स्कॅनच्या आधारावर औषधे सुरू करतात. त्यात गैर काही नाही. फक्त एक तारीख ठरवून घ्या: दोन-तीन महिन्यांनी काय सुधारलेले दिसायला हवे, आणि दिसले नाही तर पुन्हा बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणे, कधी.

चौथी पायरी: औषधे

सुरू करण्यापूर्वी यकृताच्या चाचण्या, साखर, एचआयव्ही आणि मूत्रपिंडाची तपासणी होते. वजन त्याच दिवशी नोंदवा, कारण डोस वजनावर ठरतो.

जंतू नेहमीच्या औषधांना दाद देणारा असेल तर पहिले दोन महिने चार औषधे रोज: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, एथाम्ब्युटॉल. मोठ्यांमध्ये दर किलो वजनामागे साधारण ५, १०, २५ आणि १५ मिलिग्रॅम. मुलांचे शरीर औषध लवकर बाहेर टाकते, म्हणून त्यांचा डोस किलोमागे जास्त असतो: १०, १५, ३५ आणि २०. पुढे पायराझिनामाइड बंद होते आणि आयसोनियाझिड व रिफाम्पिसिन चालू राहतात, काही ठिकाणी सोबत एथाम्ब्युटॉलही. फुफ्फुसाच्या टीबीला सहा महिने पुरतात. सांध्याला सहसा ९ ते १२ महिने लागतात, आणि रोग हाडात खोलवर असेल तर कधी १८ सुद्धा. हातापायांच्या नसा बधिर होऊ नयेत म्हणून सोबत पायरिडॉक्सिन (बी-६) देतात.

घेण्याची रीत: सकाळी, रिकाम्या पोटी, सगळी एकदम, खाण्याच्या तासभर आधी. मळमळ होत असेल तर थोड्या खाण्याबरोबर घ्या. तशी घेतलेली गोळी चुकवलेल्या गोळीपेक्षा केव्हाही बरी. आम्लपित्ताचे औषध दोन तासांच्या अंतराने. दारू पूर्ण बंद, कारण यातली तीन औषधे यकृतावर भार टाकतात.

लघवी नारिंगी होणार, घाम आणि अश्रूही. ते रिफाम्पिसिन आहे, घाबरू नका. पण भूक अचानक गेली, उलट्या सुरू झाल्या, डोळे पिवळे दिसले किंवा लघवी काळपट चहासारखी झाली तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. एथाम्ब्युटॉल क्वचित डोळ्याच्या नसेला त्रास देते. महिन्यातून एकदा एकेक डोळा झाकून तेच पान वाचा आणि लाल-हिरवा रंग नीट ओळखता येतो का पाहा. पायराझिनामाइडची गंमत अशी की ते रक्तातले युरिक ॲसिड वाढवते आणि त्याने दुसरेच सांधे दुखू लागतात. ‘टीबी पसरला’ म्हणून धाबे दणाणते, पण कारण साधे असते.

रिफाम्पिसिन इतर अनेक औषधांची ताकद घटवते: गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारे वॉरफरिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, अपस्माराची आणि एचआयव्हीची काही औषधे. आधीपासून जे चालू आहे त्याची पूर्ण यादी दाखवा. गरोदरपणात ही चार औषधे देता येतात. स्ट्रेप्टोमायसिन मात्र टाळतात, कारण बाळाच्या कानांवर त्याचा परिणाम होतो.

पहिल्या काही आठवड्यांत कधीकधी सूज वाढते किंवा नवे गळू दिसते. मेलेल्या जंतूंविरुद्ध शरीराची ती झुंज असू शकते, पण ती तीच आहे की जंतू औषधाला दाद देत नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचे. गोळ्या स्वतःहून थांबवायच्या नाहीत.

औषधांना न जुमानणारा टीबी निघाला तर योजना पूर्ण बदलते आणि काळ वाढतो. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिनचा सहा महिन्यांचा छोटा कोर्स तुमच्या कानावर आला असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीतून हाडा-सांध्यांचा टीबी वगळलेला आहे, त्यामुळे तो आपल्याला का देत नाहीत म्हणून नाराज होऊ नका.

पाचवी पायरी: पाय कसा ठेवायचा

१९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले आणि १९५२ पासून आयसोनियाझिड वापरात आले. त्याआधी डॉक्टरांच्या हाती एकच उपाय होता, सांधा महिनोन् महिने जखडून ठेवणे आणि तो गोठून जाईल अशी वाट पाहणे. त्यासाठी थॉमस यांनी गुडघ्याच्या टीबीकरिता बनवलेली पायाची चौकट पुढे पहिल्या महायुद्धात मांडीच्या मोडलेल्या हाडासाठी वापरली गेली आणि तिने असंख्य सैनिकांचे प्राण वाचवले. औषधे आल्यावर उद्दिष्टच पालटले. आता सांधा गोठवायचा नसतो, हलता ठेवायचा असतो. पण ‘टीबीत सांधा हलवू नये’ हा जुना सल्ला घराघरांत अजून टिकून आहे.

पहिले काही आठवडे दुखणे आणि स्नायूंचा ताण जास्त असतो, तेव्हा वजन लावतात. पायाला पट्टी, दोरी, कप्पी आणि वजन. त्याने आवळलेले स्नायू सैलावतात, सुजलेले पृष्ठभाग एकमेकांपासून सुटे राहतात आणि वाकडा झालेला पाय हळूहळू सरळ होतो. खुब्यात कंबर तिरकी झाली असेल तर दोन्ही पायांना वजन लावतात, नाहीतर कंबर तिरकी होत राहते आणि पाय सरळ झाल्याचा नुसता भास होतो. गुडघ्यात नडगीचे हाड मागे घसरत असेल तर एक ओढ पायाच्या दिशेने आणि दुसरी नडगी वर उचलणारी, अशी दुहेरी लावतात. त्वचेवरून लावलेले वजन मोठ्यांमध्येही साधारण ४-५ किलोच्या वर नेत नाहीत.

वजन घरी लावले असेल तर रोज पाहायच्या गोष्टी:

- वजन हवेत मोकळे लटकते आहे का. जमिनीला किंवा खाटेला टेकलेले वजन म्हणजे शोभेची वस्तू.
- खाटेची पायाकडची बाजू उचललेली आहे का. नाहीतर रुग्णच खाली सरकतो.
- बोटे कोमट आहेत का, हलतात का, बधिर तर नाहीत.
- टाच लाल झाली आहे का. पिंढरीखाली पातळ गादी द्या, टाच अधांतरी राहू दे.
- गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, पट्टीचा दाब नको. तिथून जाणारी नस दबली तर पाऊल लुळे पडते. पाऊल वर उचलता येईना झाले तर पट्टी सोडा आणि लगेच कळवा.

आणि गुडघ्याखालची उशी. घरात माया म्हणून केल्या जाणाऱ्या गोष्टींत ही सर्वांत महागात पडणारी. उशीने बरे वाटते हे खरे, कारण वाकलेल्या गुडघ्यात पाण्याला जास्त जागा मिळते. पण गुडघा आणि खुबा दोन्ही त्याच अवस्थेत आखडतात. उशी काढा, आणि रात्री डॉक्टरांनी दिलेली सरळ पट्टी बांधा.

बरेच दिवस वाकून राहिलेला गुडघा जोर लावून सरळ करू नका, कोणाला करूही देऊ नका. नडगी पुढे यायची ती मागे सरकते. वरून पाय सरळ दिसतो आणि आत सांधा निखळतो.

सहावी पायरी: हालचाल

रात्रीचे दुखणे थांबले आणि औषधांचे काही आठवडे झाले की हालचाल सुरू करायची. प्रचलित पद्धत अशी: जागेपणी दर तासाला सुमारे पाच मिनिटे, स्वतःच्या ताकदीने, लागेल तिथे हाताचा आधार घेऊन. दिवसातून एकदा तासभर केलेल्या झटापटीपेक्षा हे कितीतरी सरस.

गुडघ्यासाठी: पाय सरळ ठेवून गुडघ्याची मागची बाजू खाटेत दाबायची, मांडी कडक करायची, पाच ते दहा आकडे मोजून सोडायचे. हे वजन लावलेले असतानाही करता येते आणि मांडी सुकणे यानेच थांबते. मग सरळ पाय उचलणे. मग खाटेच्या कडेला बसून गुडघा वाकवणे आणि सरळ करणे. खुब्यासाठी: टाच घसरवत गुडघा छातीकडे नेणे, पाय बाजूला नेणे, आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की दिवसातून दोनदा वीसेक मिनिटे पालथे झोपणे. पालथे झोपणे कंटाळवाणे आहे, पण खुबा वाकून आखडू नये म्हणून त्याच्याइतके स्वस्त औषध नाही. घोटा तर दिवसभर हलवत राहायचा.

व्यायामानंतर थोडे दुखणार. ते तासा-दोन तासांत शमले तर मात्रा बरोबर होती. दुसऱ्या दिवशीही सूज किंवा दुखणे जास्त असेल तर मात्रा निम्मी करा, बंद करू नका.

सातवी पायरी: पायावर भार

दुखणे थांबले म्हणजे हाड भरले असे नाही. कमकुवत झालेला खुब्याचा गोळा भाराखाली दबून चपटा होऊ शकतो. साधारणतः उठण्याची परवानगी मिळाल्यावर पहिले तीनेक महिने काखेतल्या कुबड्यांवर, आजारी पायावर भार न टाकता चालतात. पुढचे तीनेक महिने थोडा भार. पूर्ण भार एक्स-रेत हाड दाट झालेले दिसल्यावरच, आणि खुब्याच्या मोठ्या आजारात उपचार सुरू झाल्यापासून दीड-दोन वर्षेही लागू शकतात. गुडघ्याला बहुधा लवकर सुटका मिळते, काही काळ पट्टा बांधून.

‘थोडा भार’ म्हणजे किती, हे अंदाजाने कळत नाही. वजनकाट्यावर आजारी पाऊल ठेवा, कुबड्यांवर उभे राहा आणि काटा सांगितलेल्या आकड्यापर्यंत, समजा १० किलोपर्यंत, येईल इतकाच दाब द्या. दोन-चार दिवसांत पायाला अंदाज येतो. पुढे एक काठी वापराल तेव्हा ती चांगल्या बाजूच्या हातात धरा. जवळजवळ सगळे उलट धरतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि आजारी पाय आधी.

ऑपरेशन कधी

बहुतेकांना लागत नाही. तीन-चार महिने नीट औषधे घेऊनही सूज हटत नसेल किंवा निदानच डळमळीत असेल तर अस्तर खरवडून काढतात आणि त्याच वेळी पुन्हा नमुना पाठवतात.

सांधा आधीच नष्ट झाला असेल तर तीन वाटा उरतात. पहिली, सांधा कायमचा जोडून टाकणे: न दुखणारा, भक्कम, पण न हलणारा पाय. शारीरिक मेहनतीचे काम करणाऱ्या तरुणाच्या गुडघ्यासाठी हा पर्याय अजूनही वाईट नाही. मुलांची वाढ चालू असेपर्यंत तो टाळतात. दुसरी, खुब्याचा गोळा काढून टाकणे. दुखणे जाते, उकिडवे आणि मांडी घालून बसता येते, पण पाय काही सेंटिमीटर आखूड होतो आणि लंगड राहते. तिसरी, कृत्रिम सांधा. पूर्वी त्यासाठी रोग शांत होऊन १० वर्षे जावीत असा दंडक होता. आता निवडक रुग्णांत तो औषधे चालू असतानाही बसवतात, मात्र आधी काही काळ औषधे घेऊन आणि नंतर पूर्ण कोर्स सुरू ठेवून. टीबी पुन्हा उसळण्याची जोखीम थोडी का होईना राहते. डॉक्टरांना ‘ऑपरेशन यशस्वी होईल का’ असे विचारण्यापेक्षा ‘माझे रोजचे काम या तिन्हींपैकी कशात जमेल’ असे विचारा. उत्तर जास्त उपयोगी मिळते.

गळू आणि नासूर

टीबीचे गळू थंड असते, ना लाल ना ठणकणारे. खुब्याचे गळू मांडीत, जांघेत किंवा ढुंगणावरही उतरते. ते घाईने चिरायचे नाही. मोठे असेल तर निरोगी त्वचेतून तिरकी सुई घालून रिकामे करतात, म्हणजे छिद्र वाहत राहत नाही. नासूर आधीच असेल तर तो दाबू नका, त्यात काही भरू नका. कोरडी, स्वच्छ पट्टी बांधा. बहुतेक नासूर औषधांनी आपोआप मिटतात. मिटत नसेल तर आत मेलेले हाड, दुसरा संसर्ग किंवा दाद न देणारा जंतू आहे का ते पाहावे लागते.

घरच्यांना धोका?

नुसत्या सांध्याच्या टीबीपासून हवेवाटे लागण होत नाही. ताटवाटी वेगळी करण्याची गरज नाही. वाहत्या नासुराच्या पट्ट्या तेवढ्या बंद पिशवीत टाका आणि हात धुवा. उलट मुलाला हाडाचा टीबी निघाला तर त्याला तो कोणाकडून मिळाला हे शोधायला हवे. आसपासच्या कोणा मोठ्या माणसाचा जुना खोकला तपासा. बीसीजी टोचलेली असली तरी हा आजार होऊ शकतो. तिचा मुख्य उपयोग लहान मुलांतल्या मेंदूच्या आणि सर्वांगात पसरणाऱ्या टीबीविरुद्ध आहे.

किती दिवस लक्ष ठेवायचे

एका वहीत महिन्यातून एकदा चार आकडे लिहा: वजन, मांडीचा घेर, सांधा किती वाकतो आणि किती सरळ होतो, आधाराशिवाय किती वेळ बसता-उभे राहता येते. वजन वाढले तर डोस वाढवावा लागतो, हे विसरले जाते. ईएसआर काही महिन्यांत उतरायला हवा. एक्स-रे साधारण दर तीन महिन्यांनी. त्यात सुरुवातीला हाड आणखी खराब दिसू शकते, कारण चित्र प्रत्यक्षाच्या मागे चालते. खुणा हळूहळू पालटतात: हाड दाट होते, धूसर कडा रेखीव होतात. एमआरआयमधला दाह तर औषधे संपल्यावरही महिनोन् महिने रेंगाळतो, तेवढ्यावरून कोर्स वाढवत बसायचे नसते.

औषधे थांबल्यावर किमान दोन वर्षे तपासणी चालू ठेवा. मुलांची त्याहून जास्त, वाढ थांबेपर्यंत. पायाच्या उंचीतला सुमारे दोन तृतीयांश भाग गुडघ्याच्या वरखाली असलेल्या वाढपट्ट्यांतून, म्हणजे हाड जिथून लांब होते त्या भागांतून, येतो. तिथला दाह आधी पाय लांब करू शकतो आणि वाढपट्टी बिघडली तर पुढे आखूड. दर सहा महिन्यांनी दोन्ही पायांची लांबी मोजून घ्या. थोडा फरक बुटाच्या टाचेने सांभाळता येतो, आणि वाढता फरक वेळेत कळला तर वाढीचा उपयोग करून घेणारे उपायही असतात.

सगळे एक्स-रे, बायोप्सीचा अहवाल आणि औषधांच्या तारखा एका फाइलमध्ये कायम जपून ठेवा. वीस वर्षांनी त्याच गुडघ्यासाठी कोणी स्टिरॉइड, संधिवातावरची बायोलॉजिक (प्रतिकारशक्ती दाबणारी) इंजेक्शने किंवा कृत्रिम सांधा सुचवला, तर आधी ती फाइल त्यांच्या टेबलावर ठेवायची आहे.